थर्झाचे वाकडे तास

थर्झा गॅरडच्या तोंडाला लागू नये असं इंग्लंडातल्या सफक परगण्यातल्या आमच्या गावात सगळेच म्हणतात, आणि सगळेच लागतात. वय एकाहत्तर, अंगात मेलेल्या नवऱ्याचा कोट, कमरेला सुतळी. डॉली आणि ब्रॅगेट या तिच्या दोन तांबड्या घोड्या. एकेक जवळपास टनभर वजनाची, खूर जेवायच्या ताटाएवढे. शेत दुसऱ्यांच्या मालकीचं, एका संस्थेचं. पण घोड्या तिच्या आणि हुकूमही तिचाच.

बावीस वर्षं मी इथल्या शाळेत शिकवते आहे. ऑक्टोबरात नांगरणी सुरू झाली की आमचे वर्ग पाळीपाळीने तिच्याकडे जातात. एरवी सहलीत पोरं कुंपणापलीकडून जनावरं बघतात, आईस्क्रीम खातात आणि घरी जातात. थर्झाकडे हे लाड नाहीत. आल्याआल्या लीद उचलायची. मग एकेकाच्या हातात कासरा. नांगराच्या मुठी ती स्वतः धरते, पण घोड्यांशी बोलायचं ते पोरांनी.

"मनातल्या मनात काय बोलतोस? डॉली काय मनकवडी आहे?" ती खेकसते.

मग सात वर्षांचं पोर जीव खाऊन "चल!" म्हणतं आणि ती दोन धुडं खरोखर चालू लागतात. वर्गात वर्षभर तोंड न उघडलेली मुलं मी तिथे घसा फोडून ओरडताना पाहिली आहेत. या सहलीसाठी मी कुणाशीही भांडेन.

नांगराचा तास, म्हणजे फाळाने जमिनीत पडणारी रेघ, अर्थातच वाकडा जातो. आणि आमच्या गावात वाकडा तास म्हणजे थट्टेला आमंत्रण. रविवारी चर्च सुटलं की बाप्ये मंडळी रस्त्याने एकमेकांची रानं बघत हिंडतात. आता बहुतेकांकडे ट्रॅक्टर आले, पण खोड गेली नाही. कुणाचा तास वाकडा दिसला की गहू वर येऊन तो झाकेपर्यंत त्याची धडगत नसते. थर्झाचा तास पन्नास वर्षांत वाकडा गेला नव्हता. तिची सगळी ऐट त्यात. म्हणून पोरांची बस वळली की ती तेवढी पट्टी पुन्हा नांगरून सरळ करून टाकायची.

यंदा संस्थेचा कागद आला. मुलांनी दोरीमागे उभं राहायचं, कासऱ्याला हात लावायचा नाही. लावलेला आढळला तर सहली कायमच्या बंद.

"दोरी पाहिजे ना त्यांना? बांधते," थर्झा म्हणाली. तिने दोरी बांधली आणि तिच्यावर पोरांचे ओले कोट वाळत घातले. कासरा पोरांच्या हातात दिला. मी अडवलं नाही.

पण त्या दुपारी डॉलीचा नाल सुटला. नाल सुटलेली घोडी थर्झा जुंपणार नाही, मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर. नालबंद येणार सोमवारी. म्हणजे रविवारी रस्त्याकडेला पोरांनी काढलेले ते अकरा तास जसेच्या तसे, सगळ्या गावासमोर.

हर्बर्ट लेगेट सगळ्यात आधी हजर. जिल्ह्याच्या नांगरणीच्या स्पर्धेत चाळीस वर्षं हिच्यामागे दुसरा येणारा माणूस. "काय गं थर्झा, नांगराला पाजलीस की काय?" लोक खो खो हसले. तेवढ्यात संस्थेचे प्राइकसाहेब गाडीतून उतरले आणि हसणं थांबलं.

"मिसेस गॅरड, हे मुलांनी काढलेत. तुमचा तास असा जात नाही, सगळं गाव सांगेल."

ती खरं बोलली तर सहली संपल्या. खोटं बोलली तर पन्नास वर्षांचं नाव गेलं, तेही याच लोकांदेखत.

थर्झाने एकदा रानाकडे पाहिलं. नवऱ्याला पुरताना मी तिला पाहिलं होतं, तेव्हाही चेहरा असा झाला नव्हता.

"माझे आहेत," ती म्हणाली.

"तुमचे? अकराच्या अकरा?"

"एकाहत्तर वर्षांची आहे मी, साहेब. नजर गेली, मनगटं गेली. लिहून घ्या. मोठ्या अक्षरात लिहा!"

साहेब हर्बर्टकडे वळले. "तुम्हाला पटतंय हे?"

तिसरा तास हर्बर्टच्या नातीचा होता. त्या कार्टीने घरी गेल्यागेल्या सगळं सांगितलं नसेल हे शक्यच नव्हतं. हर्बर्टने टोपी काढली, डोकं खाजवलं.

"चाळीस वर्षं हरतोय हिच्याकडून. हिचा हात मी ओळखणार नाही तर कोण? हिचेच आहेत."

साहेब गेले. हर्बर्टही घरी गेला. त्या दिवशी पुन्हा कुणी हसलं नाही.

सोमवारी नालबंद येऊन गेला. आता ती पट्टी सरळ करणार, असं मला वाटलं होतं.

"कशाला सरळ करू? मी काढलेत ना?" ती माझ्यावरच उखडली. "राहू देत वसंतापर्यंत. बघू दे ज्याला बघायचंय त्याला."

गुरुवारी पुढचा वर्ग घेऊन गेले. पहिल्याच पोराने कासरा धरला आणि घाबरून विचारलं, "वाकडं गेलं तर?"

"जाऊ दे की! हवं तेवढं वाकडं हाक," थर्झा म्हणाली. "सगळं माझ्याच नावावर आहे."