पारख्याची डावी दाढ

"बाई, आमची जीभ गेली. तुम्ही नस काढली तवापास्नं."

दत्तू आप्पा खुर्चीत बसायला तयार नव्हते. खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. निपाणीत माझा दवाखाना नवा होता आणि दात बघणारी बाई हा प्रकार तर त्याहून नवा.

आप्पा एका वखारीत तंबाखूचे पारखी होते. शेतकऱ्याचा माल आला की तो कुठल्या दर्जाचा, नीट वाळलाय का, त्यात काही मिसळलंय का, हे ते सांगायचे. मालक त्यांच्या शब्दावर माल उचलायचे. आदल्या आठवड्यात त्यांनी पास केलेला माल दमट निघाला होता. हंगाम ऐन भरात होता आणि मालकांचा पुतण्या त्यांच्या जागेवर टपून होता.

खरं सांगायचं तर त्यांना माझा संशय यायच्या आधीपासून मला त्यांचा येत होता. त्या काळी आमच्याकडे दाढ दुखली की लोक म्हणायचे, उपटा आणि मोकळं करा. पहिल्यांदा आले तेव्हा आप्पा एकटे म्हणाले, "काढायची न्हाय. ही डावीकडचीच पायजे." मी रूट कॅनाल समजावला. दाताच्या आत बारीक पोकळी असते, तिच्यात नस असते. ती सडली की ठणका लागतो. मग ती बारीक सुयांसारख्या फाइल्सनी साफ करायची, आत औषध ठेवायचं, वरून तात्पुरतं बुजवायचं. असं तीन-चार वेळा. मग कायमचं भरून वर धातूची कॅप. एवढ्या खेपा ऐकून लोक चप्पल शोधायचे. आप्पा लगेच हो म्हणाले. एका दाढेसाठी एवढी हौस कशाला, हे मला कळेना.

तयारी साधी होती. जेवून या, नंतर तोंड बधिर राहतं. पुढचे काही दिवस त्या बाजूनं चावायचं नाही. तंबाखू बंद.

"तंबाखू खाता?"

त्यांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "आजवर न्हाय."

दाढेच्या कडेला तपकिरी डाग होते. मी माझ्या असिस्टंटकडे, शांताकडे पाहिलं, तिनं छताकडे.

पहिलं सिटिंग नीट झालं, ठणका थांबला. पण दुसऱ्या खेपेला वरचं फिलिंग अर्धं गायब. पुन्हा भरलं. तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच, आणि खड्ड्यात तपकिरी कण. हे तात्पुरतं फिलिंग म्हणजे लवंगाच्या तेलात कालवलेली पांढरी पावडर. पावडर जुनी असेल म्हणून नवी बाटली फोडली. नीट कालवलंस ना, असं शांताला विचारलं, तर ती दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

आणि आता ही जीभ. वरून मी शांत होते, आतून नाही. खालच्या दाढेचं इंजेक्शन जिभेच्या नसेजवळून जातं. क्वचित त्या नसेला इजा होते आणि चव जाते. तसं झालं असेल तर आप्पांची वखारीतली जागा माझ्या सुईनं गेली होती.

त्यांना डोळे मिटायला लावले. कापसाच्या बोळ्यानं जिभेच्या डाव्या बाजूला मिठाचं पाणी लावलं. "मीठ." मग साखर. "साखर." उजवीकडेही तेच. दोन्ही बाजू सारख्या.

"आप्पा, जीभ शाबूत आहे."

"साखर काय, बारक्या पोरालाबी कळती," ते म्हणाले. "माल का कळंना ते सांगा."

त्यांनी खिशातून पुडी काढली. आत वाळलेलं पान होतं. ते तळहातावर चुरलं, नाकाशी नेलं, मग चिमूट डाव्या गालात सरकवली. पानाची जाड शीर निवडून डाव्या दाढेखाली धरली आणि कचकन चावली. क्षणभर ऐकल्यासारखं केलं. मग बेसिनमध्ये थुंकले.

"बघा. नुसती लवंग लागती. आन् कडक हाय का दमट, त्येबी कळंना."

मी बेसिनमध्ये वाकून पाहिलं. थुंकीत माझं पांढरं फिलिंग पडलं होतं.

"तंबाखू खात नाही म्हणालात ना?"

"न्हायच खात."

"मग हे काय?"

"ही पारख." त्यांचा आवाज चढला. "गिळली का? थुकली की. माळ हाय गळ्यात, खोटं कशाला बोलीन?"

शांता तोंडाला पदर लावून मागे वळली.

आता सगळं जुळलं. हंगामात दिवसभर शिरा चावायच्या, त्याही त्याच दाढेखाली. ओलसर शीर दबते, वाळलेली कडकन मोडते. त्या आवाजावर दर्जा ठरायचा. म्हणून दाढ उपटायची नव्हती. आता मऊ फिलिंगवर शिरेचा आवाज दबायचा, शिरांनी फिलिंगही फुटायचं, लवंगाचं तेल गालात पसरायचं आणि मालाची चव त्याखाली बुडायची. जीभ जागेवर होती, तिच्यावर माझं औषध बसलं होतं.

मी लवंगाचा नाद सोडून वर कडक सिमेंट बसवलं. ते पुढच्या सिटिंगला उकरताना माझाच हात भरून आला. काम संपेपर्यंत उजवीकडे चावायचं, असं बजावलं.

"उजवी बाजू बहिरी हाय, बाई."

"मग तोवर नाकानं काम करा. पुतण्याला नाक आहे का?"

ते पहिल्यांदा हसले. नाकावर त्यांनी निभावलं. संशयाचा माल बाजूला ठेवत गेले आणि मालकांना सांगत राहिले, थांबा. पुतण्या कुरकुरला, मालक थांबले.

कॅप बसवली त्या दिवशी त्यांनी पुन्हा पुडी आणली होती. मी अडवलं नाही. शीर दाढेखाली ठेवली, चावली. कडक आवाज मलाही ऐकू आला.

"वाळलीय," आप्पा म्हणाले. मग कॅपवरून जीभ फिरवली. "आवाज जरा पत्र्यावानी येतोय. पर कळतंय."

जाताना माझे आभार मानले नाहीत. कॅप निघाली तर कुणाची जबाबदारी, तेवढं मात्र दोनदा विचारून गेले.

तेव्हापासून मी पेशंटला तंबाखू खाता का, असं विचारत नाही. दिवसभरात तोंडात काय काय जातं ते सांगा, म्हणते. सुतार खिळे धरतात, शिंपी दोरा तोडतात, आणि एका मास्तरांनी पेनाची टोपणं कबूल केली. यातलं कुणीच काही खात नाही.