खोक्यावरचं कुंकू

दसऱ्याला आई वर्षभर राबलेल्या वस्तू पाटावर मांडायला लावते. विळी, शिलाई मशीन, माझा लॅपटॉप. यंदा मी हौसेने माझा नवा, हातात धरून खेळायचा गेम कन्सोल मांडला आणि शेजारी त्याच्या गेममधल्या योद्ध्याची वीतभर उंचीची प्लॅस्टिकची बाहुली, अजून सीलबंद खोक्यात.

"हा काय काम करतो?" आईने योद्ध्याकडे बघत विचारलं.

"कन्सोलला टेकवला की गेममध्ये उतरतो. पण खोकं फोडलं की जमवणाऱ्यांकडे त्याला भाव राहत नाही."

"म्हणजे नुसता बसून असतो," असं म्हणून तिने कपाटातून माझा जुना कन्सोल आणून पाटावर ठेवला. त्याचं काही बिघडलं नव्हतं. मोठ्या पडद्याचा आला, म्हणून मी तो बाजूला टाकला होता. त्याची बटणं माझ्या अंगठ्यांनी गुळगुळीत झालेली. बाबा आजारी असताना हॉस्पिटलच्या बाकावर रात्रंदिवस तोच माझ्या हातात असायचा. आई शेजारीच बसलेली असायची.

तिने सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. योद्ध्यालाही वगळलं नाही. खोक्याच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर, बरोबर त्याच्या कपाळासमोर, बोट टेकवलं.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी ओल्या कापसाने ते कुंकू हलकेच पुसलं. जपणं म्हणजे कामालाच न लावणं, हे मी कुठे शिकलो कोण जाणे. कापूस टाकायला उठलो, तेव्हा जुन्या कन्सोलकडे नजर गेली. कुंकू सांडून त्याच्या बटणांच्या फटींत गेलं होतं. ते पुसायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.