चोपदाराचा उजवा हात

पडदा वर जातो तेव्हा कचेरीचं बंद दार दिसतं. लाँग आयलंडवरचं डच गाव, साल सोळाशे अठ्ठावन्न, मार्चमधली सकाळ, खाडीवरून येणारा बोचरा वारा. दारावर गव्हर्नरसाहेबांचा हुकूम ठोकलेला: क्वेकर पंथाच्या लोकांना कुणी थारा देऊ नये. आणि त्या हुकुमापुढे, पितळी टोकाचा दंड हातात घेऊन दहा पावलं इकडे, दहा पावलं तिकडे करणारा म्हातारा, वेसल चोपदार.

अठरा वर्षं वेसलनं हे दार सांभाळलं. त्याचा प्रवेश बघत राहावा असा. डाव्या हातात दंड, उंबऱ्याशी उजव्या हातानं टोपी अलगद उतरायची, मग खणखणीत आवाजात नाव पुकारायचं. कचेरी चालू असताना दंड जमिनीवर ठेवायचा नाही. ठेवला तो चोपदार राहत नाही, असा रिवाज. आज मात्र वेसलचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पुकारायचं नाव शेजाऱ्याचं होतं.

शेजारी इफ्राइम क्वेकर. त्याच्या कोठारात चार माणसं गप्प बसून प्रार्थना करत, एवढाच गुन्हा. समज देऊन सोडलंही असतं. पण हे लोक देवाखेरीज कुणापुढे टोपी काढत नाहीत, आणि न्यायाधीशापुढे टोपी डोक्यावर ठेवली की बेअदबी. मागच्याच महिन्यात एकाला त्यापायी ढकलगाडीला साखळीनं बांधून राबवलं, मग बायकोसकट हद्दपार केलं. इफ्राइम गेला तर त्याची बायको हेस्टरही जाणार. आणि वेसलची तीन महिन्यांची नात फेमके, आई बाळंतपणात गेलेली, हेस्टरच्या दुधावर जगत होती. गाईचं दूध दोनदा पाजून पाहिलं. दोन्ही वेळा पोर निळी पडली.

आदल्या दिवशी वेसल चार वेळा कुंपणाशी गेला होता.

“घटकाभर काढ की रे. डोकं काय थंडीनं गळून पडणार आहे?”

“देवासाठी काढतो, वेसल. न्यायाधीश देव आहे का?”

“तो स्वतःला समजतो तसं. तूही समज, घटकाभर.”

इफ्राइम हसला, लाकडं फोडत राहिला. “माझा हात टोपीला लागायचा नाही.”

तेच वाक्य वेसलच्या डोक्यात घोळत राहिलं. आता इफ्राइम समोर येऊन उभा राहिला, टोपी कानांपर्यंत ओढलेली.

“हात खाली ठेव,” वेसल पुटपुटला. “तू काढू नकोस. मी काढतो. चालेल?”

इफ्राइमनं इतका वेळ विचार केला की त्या वाऱ्यातही वेसलला घाम फुटला.

“तू काढलीस तर मी भांडणार नाही. आम्ही भांडत नाही.”

“उपकार झाले.”

वेसलनं ती टोपी उचलली, त्याला घेऊन आत शिरला, नाव पुकारलं. न्यायाधीशांनी इफ्राइमचं उघडं डोकं पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. मग त्यांची नजर चोपदारावर गेली आणि तिथंच थांबली. बाकांवर खसखस पिकली. डाव्या हातात दंड, उजव्या हातात इफ्राइमची टोपी. आणि स्वतःची, अठरा वर्षांत पहिल्यांदाच, डोक्यावर.

“चोपदार, तुम्हीही त्यांच्यातले झालात का?”

“नाही, साहेब.”

“मग काढा ती.”

इफ्राइमनं आपली टोपी घ्यायला हात पुढे केला. भला माणूस, मदतच करत होता. पण टोपी मिळाली असती तर ती सरळ डोक्यावर गेली असती. वेसलनं ती छातीशी घट्ट धरली. क्षणभर तो दंडाकडे बघत राहिला. मग वाकला आणि पितळी टोकाचा तो दंड हळूच जमिनीवर ठेवला.

खसखस थांबली. वेसलनं डाव्या हातानं आपली टोपी काढली आणि दोन्ही हातांत दोन टोप्या घेऊन उभा राहिला.

न्यायाधीशांनी इफ्राइमला चार शब्दांत समज दिली आणि घरी जायला सांगितलं. दंड दुसऱ्या कुणीतरी उचलला.

बाहेर आल्यावर इफ्राइम म्हणाला, “माझ्यापायी तुझा दंड गेला, वेसल.”

वेसलनं टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी खाली दाबली.

“बोलत उभा राहू नकोस. घरी चल, पोरीची पाजायची वेळ टळून गेलीय.”