ठिकाण : चांदनी

आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकात लागते. सासूबाईंनी दारावर काळी बाहुली टांगली होती, ती मी त्यांच्यादेखत काढून टाकली. या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहासोबत वाचते, करमणूक म्हणून. तरी आज लिहायला बसले, कारण ज्यांना विचारायचं त्या सगळ्यांना विचारून झालं.

बुरहानपूरला, इच्छापूरच्या रस्त्यावर, केळीच्या बागांसाठी ठिबकच्या नळ्या बनवणारा एक कारखाना आहे. तिथे मी सर्व्हर सांभाळते. बाजूच्या टेबलावर मंदाताई, हिशेब विभागात. नवरा नाही. एकुलता एक मुलगा प्रशांत, आमच्याच डिस्पॅचमध्ये होता. "इटारसीला मित्राकडे जाऊन येतो" म्हणून गेला तो आलाच नाही. पोलीस, पेपरात फोटो, नवस... सगळं झालं. काही वर्षं झाली याला.

नोकरी सुटली की त्या माणसाचं लॉगिन मी पुसते. प्रशांतचं पुसायला घेतलं तेव्हा मंदाताई म्हणाल्या, "नाव नको पुसू व. घरातून निघणाऱ्याला आपण 'जातो' म्हणू देत नाही, 'येतो' म्हणायला लावतो. तो 'येतो' म्हणून गेला आहे."

मी वाद घातला नाही. लॉगिन बंद केलं, एक वेगळा फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं — रजेवर. त्यात तो एकटाच.

त्यांचं दुसरंही एक होतं. ऑफिसला येताना घराची किल्ली मागच्या अंगणात तुळशीच्या कुंडीखाली. मी म्हणायचे, "ताई, ही जागा चोरांनाही पाठ असते."

"चोराच्या बापालेही माहीत नाही. एकालेच माहीत आहे."

तर यंदा मालकांना पोर्टल हवं झालं. प्रत्येक कर्मचाऱ्याचं प्रोफाइल — फोटो, विभाग, फोन, ठिकाण. हे पुन्हा कोणी टाइप करत बसायचं नाही. सर्व्हरवर डिरेक्टरी असते, म्हणजे कोणाचं लॉगिन काय, कोण कुठल्या विभागात याची मूळ नोंद. तिच्यातूनच सगळं उचलायचं. मी ते कमांडवर लावलं. सेटअप जे जे विचारणार त्याची उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून ठेवायची, काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाकायची आणि हात बाजूला. मग तो कोणाला काही विचारत नाही. जुना डेटाबेस पाडतो, नवा भरतो. 'रजेवर' फोल्डर वगळायचा, हेही त्या फाइलीत मी स्वतः लिहिलं होतं.

पहिल्यांदा चालवलं. सगळे आले. आणि प्रशांतही आला. फोटो नाही, फोन नाही. ठिकाण : खंडवा.

आमच्याकडे ठिकाणाच्या रकान्यात कारखाना, ऑफिस नाहीतर गोदाम असतं. गावाचं नाव कोणाच्याच नोंदीत नाही. डिरेक्टरी उघडली, तर प्रशांतचा तो रकाना कोरा. कुठेतरी माझीच चूक, म्हणून गप्प बसले. तशीही बाकीच्यांची नावं स्क्रीनवर प्रश्नचिन्हं होऊन उमटत होती. ते दुरुस्त करून पुन्हा चालवायचंच होतं.

पुन्हा चालवलं. यावेळी ठिकाण : नेपानगर. आणि मंदाताई माझ्या चहाचा कप घेऊन मागे उभ्या होत्या.

"हे कोणी टाकलं?"

"कोणीच नाही ताई. काहीतरी चुकतंय."

"चुकाले तुझ्या मशीनले नेपानगरच सापडलं?" मग हळूच, "आधी काय होतं?"

मला खोटं बोलता येत नाही. "खंडवा."

त्यांनी कप ठेवला. "म्हणजे जवळ येऊन राहिला."

मी इंदूरला सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. तो मुलगा हसला. "मॅडम, डेटा तो आपकी डायरेक्टरी से ही आएगा, ऊपर से थोडी आएगा?" पासवर्ड बदलले. माझ्याशिवाय कोणी आत जात नाही हे तपासलं. दुसऱ्या, कोऱ्या मशीनवर पहिल्यापासून सगळं उभं केलं. मंदाताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या.

"चालव ना वर्षा."

चालवलं. ठिकाण : चांदनी. इटारसीकडून येताना नेपानगरच्या पुढचं, आमच्या आणखी जवळचं स्टेशन.

त्यांनी लगेच रजेचा अर्ज लिहिला. मी समजावलं, "ताई, चांदनीला काय आहे? एक स्टेशन आणि चार बाकडी. यायचंच असेल तर घरीच येईल ना? घरी थांबा."

"घरीच थांबून तर इतकी वर्षं गेली."

दुसऱ्या दिवशी त्या चांदनीला गेल्या. घरावर लक्ष ठेवणाऱ्या समोरच्या काकू लग्नाला गेलेल्या, गल्लीत नुकतीच एक चोरी झालेली, आणि त्या दिवसभर बाहेर राहणार. म्हणून कधी नव्हे ती किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली. हे मला नंतर कळलं.

दुपारी मालक दोन पाहुण्यांना घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, जरा चालवून दाखवा." नाही म्हणायला कारण काय देणार? कमांड टाकली. पाहुणे म्हणाले, "आपोआप? वा." मी प्रशांतचं पान उघडलं.

ठिकाण : घर.

मंदाताईंना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच. मालकांना काहीतरी सांगितलं आणि स्कूटी काढली. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, हे वाटेत स्वतःला सांगत होते. तरी गाडी जोरात चालवत होते.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दाराला कुलूप. बोळातून मागच्या अंगणात गेले.

तुळशीची कुंडी सरकवलेली होती.

कुंडी जिथे कायम असते तिथे फरशीवर तिच्या बुडाचा ओला गोल होता, आणि कुंडी त्याच्या शेजारी. आमच्याकडच्या उन्हात अशी ओल किती टिकते ते इथल्या बाईला सांगावं लागत नाही. माझ्यासमोरच तो गोल कडेने वाळत चालला होता.

मी हाक मारली, "प्रशांत." हाक मारताना स्वतःचाच राग आला. बोळाच्या दोन्ही टोकांना जाऊन आले. रस्त्यावर पाहिलं. पानवाल्याला विचारलं. त्याने कोणी पाहिलं नव्हतं. मंदाताईंचा फोन तेव्हाही लागत नव्हता. मग पायरीवर बसून राहिले. दुसरं करणार काय?

मंदाताई उन्हं उतरताना आल्या. चांदनीला प्रत्येक गाडी पाहिली होती. थांबलेलीही आणि न थांबलेलीही. माझ्याकडे पाहिलं, मग कुंडीकडे. गोल तोवर वाळून गेला होता, पण मातीची कड राहिली होती.

"तू सरकवली?"

"नाही."

त्यांनी पर्स उघडली, किल्ली काढली आणि हातात धरून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आजच काबरं घेऊन गेली मी ही?"

 

मांजर असेल, असं काही जण सुचवतील. कुंडी मातीने भरलेली आहे. किल्लीपुरती ती कलते, पण मी दोन्ही हातांनी उचलून पाहिली तर माझ्याने जेमतेम हलली. चोर असेल? मग कुलपाला धक्का का नाही लावला? आणि ते 'घर' कुठून आलं? आमच्या सर्व्हरवर तो शब्द मी सगळीकडे शोधला. कुठेच नाही.

आता किल्ली पुन्हा कुंडीखाली असते. मंदाताई गाव सोडून कुठे जात नाहीत, भाच्याच्या लग्नालाही गेल्या नाहीत. पोर्टल केव्हाच सुरू झालं आहे. तरी मी दुसऱ्या मशीनवर अधूनमधून तो सेटअप चालवते. त्या आपल्या जागेवरून मान वर न करता विचारतात, "चालवलं?"

"चालवलं."

"आला?"

"नाही ताई."

मग त्या कॅल्क्युलेटर पुढे ओढतात.

उत्तरांच्या फाइलीतून 'रजेवर वगळा' ही ओळ मी काढून टाकली आहे. बंद खातीही घ्या, असं लिहिलं आहे. डिरेक्टरीत त्याचं नाव जागच्या जागी आहे. नियमाने आता तो यायलाच हवा. बाकीचे सगळे येतात, तो येत नाही.