मोठ्या डॉक्टरांचा नंबर

डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढण्यात ताईंची एकोणीस वर्षं गेली, पण दवाखान्यात त्यांचं मत कधी कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. नवं मशीन आलं, तेव्हा चाचणीसाठी मोठ्या डॉक्टरांनी स्वतःचेच डोळे पुढे केले. दोन्ही फोटोंत रक्ताचे बारीक ठिपके उमटले.

"काच पुसत जा जरा!" डॉक्टर खेकसले. "डिलीट करा ते."

"काचेवरची घाण दोन्ही फोटोंत एकाच जागी दिसते," ताई म्हणाल्या. "तुमचे ठिपके वेगवेगळ्या जागी आहेत. रक्तातली साखर तपासून घ्या."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

"हो." ताईंनी दोन्ही फोटो छापून डॉक्टरांच्या नावाच्या नव्या केसपेपरला टाचले आणि बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. "तुमचा नंबर सतरा. बसा तिथं."