घाटात अडकलेली व्हायोलिनं

भंडाऱ्याचा वास आला की मला बैलगाडा शर्यतीचा घाट दिसतो आणि त्या घाटात अडकलेली व्हायोलिनं ऐकू येतात. आळे गावचा माझा मामेभाऊ बैलगाड्यांची गाणी म्हणायचा. साथीला एक ढोलकी, एक संबळ आणि वर त्याचा तो फाटका, राक्षसी आवाज. मग त्याला मोठं व्हायची हुक्की आली. पुण्याला जाऊन त्यानं पन्नासेक वादकांचा ताफा जमवला, अल्बम काढला आणि पहिल्यांदा वाजवायला आमच्याच यात्रेत आणला. स्पीकर माझ्या ताब्यात होते. निवेदक ओरडला, "भिर्रर्र, झाली!" बैल सुटले, भंडारा उधळला, धुरळा उठला आणि माझ्या स्पीकरमधून व्हायोलिनं हळूहळू जागी व्हायला लागली. बैल घाट चढून वर पोचले, बारी संपली, तरी बासऱ्या एकमेकींची विचारपूसच करत होत्या. गाणाऱ्याचा आवाज अजून यायचाच होता! "राव, कुणाची मयत हाय का?" मागून एक गाडामालक खेकसला. पुढच्या बारीला मी सरळ मामेभावाचं जुनं गाणं लावलं. तो मांडवातून धावत आला. "काढ ते! लई मेहनत हाय माझी नव्या गाण्यात!" मी म्हणालो, "मेहनत दिसती रं, पण त्यात तू कुठं हायेस?" तेवढ्यात बैल सुटले, त्यांच्याबरोबर त्याचा जुना आवाज सुटला आणि अख्खा घाट टोप्या उडवत नाचला. तो ताडकन निघून गेला. अजून माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही! दर यात्रेला घाटात गाणं त्याचंच वाजतं, आणि लावतो मीच.