झालरीचा फ्रॉक

इथे अमेरिकेत, शुगर लँडला, माझ्या लेकीच्या शाळेत दरवर्षी निरनिराळ्या देशांच्या नाचांचा कार्यक्रम होतो आणि मुलींच्या कपड्यांचं काम माझ्या गळ्यात पडतं. मी ते खुशीने करते, कारण कपड्यांतलं मला कळतं.

यंदा मेक्सिकन नाच होता. त्यातल्या एका मुलीची आई मेक्सिकोतल्या बड्या घरातली. तिने सुचवलं, सगळ्यांनी खेड्यातले भरतकामाचे ब्लाउज घालून अनवाणी नाचायचं. तिकडच्या पैसेवाल्यांत हल्ली मुलांना असंच नटवतात म्हणे. तिची लेक एरवीही चुरगळलेल्या सुती कपड्यांत हिंडते. श्रीमंतांना ते शोभून दिसतं.

माझ्या शेजारणीने मात्र साफ नकार दिला. तीही मेक्सिकोचीच, पण खेड्यातली. इथे ऑफिसं साफ करते. रविवारी तिची मुलगी साटीनचा झालरीचा फ्रॉक आणि चकचकीत बूट घालून चर्चला निघते. शेजारीण मला म्हणाली, "माझी आजी तसला ब्लाउज घालायची, म्हणून तिला दुकानात पाऊल टाकू देत नसत. माझी मुलगी तो घालणार नाही. नाच गेला तरी चालेल." पोर दाराआड रडत होती. नाच तिला सगळ्यांत चांगला येत होता.

आमच्या कमिटीत एक मराठी काकू आहेत, रिटायर्ड डॉक्टर. त्या मला म्हणाल्या, "अगं, एका संध्याकाळपुरतं अ‍ॅडजस्ट कर म्हणावं. इतकं ब्यूटिफुल काम आहे त्यावर."

माझं डोकं फिरलं. नागपुरात विहारात जाताना माझी आई आम्हाला कडक इस्त्रीचे पांढरे फ्रॉक घालायची. कपड्यांवरून जात ओळखणाऱ्या गावातून ती बाहेर पडली होती.

"काकू," मी म्हटलं, "माझ्या आजीला गावात गुडघ्याखाली लुगडं नेसू देत नव्हते. पायात वहाणही नाही. तेही ट्रॅडिशनलच. तुमच्या नातीला तसं नेसवून स्टेजवर उभं करू?"

मी शेजारणीच्या मुलीचं नाव यादीत ठेवलं, साटीनच्या फ्रॉकसकट, आणि तिला मधोमध उभं केलं. ती झकास नाचली.

टाळ्या चालू असतानाच तिची आई उठली, सगळ्यांदेखत स्टेजपाशी गेली आणि लेकीच्या फ्रॉकचे खांदे सावकाश नीट केले. माझी आईही असंच करायची, लोक बघत असले की मुद्दाम जास्त वेळ.